‘डिलीट कर’ हा हुकूम कोणत्या कायद्यातला?

कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठावर, बिंदू चौकात किंवा पंचगंगेच्या घाटावर कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या एखाद्या पोराला पोलिसांनी हटकलं, त्याचा मोबाईल हातात घेऊन आतले फोटो चाळले आणि चार-पाच फोटो पुसायला लावून त्याला सोडून दिलं, की आपल्याकडे वाद सुरू होतो. वादाची वळणं ठरलेली असतात. एक बाजू म्हणते, ‘कर नाही त्याला डर कशाला? दाखवला मोबाईल तर काय बिघडलं?’ दुसरी म्हणते, ‘जागा सार्वजनिक आहे, मी वाट्टेल ते टिपेन, विचारणारे तुम्ही कोण?’ दोन्ही बाजू तावातावानं बोलतात आणि नेमक्या मुद्द्याला दोघीही बगल देतात. पोलिसानं चौकशी करणं ही एक गोष्ट, झडती घेणं दुसरी आणि फोटो पुसायला लावणं तिसरी. या तिन्हींची आपण एकच मोट बांधतो आणि मग ‘पोलीस बरोबर की फोटोग्राफर बरोबर’ एवढंच भांडण उरतं. माझं म्हणणं असं आहे: चौकशी करायचा अधिकार पोलिसांना आहे आणि तो असायलाच हवा. झडती आणि जप्तीचा अधिकारही आहे, पण त्याला अटी आहेत. आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला ‘हा फोटो पुसून टाक’ असं फर्मावण्याचा अधिकार कोणत्याही पोलिसाला कोणत्याही कायद्यानं दिलेला नाही.

कायदा काय सांगतो ते आधी बघू, कारण या वादात सगळ्यात कमी बोललं जातं ते त्याबद्दलच. रस्त्यावर, चौकात, नदीकाठी उभं राहून फोटो काढायला सरसकट बंदी घालणारा कायदा भारतात नाही. जे डोळ्यांनी पाहिलं ते टिपणं आणि लोकांपुढे मांडणं हे घटनेच्या कलम १९ मधल्या अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात येतं. त्यावर बंधन घालता येतं, पण त्याच कलमात दिलेल्या कारणांसाठी आणि कायदा करूनच. बंदोबस्तावरच्या माणसाच्या मर्जीवर नाही. दसरा चौकातल्या शाहू महाराजांच्या पुतळ्याचा फोटो काढून छापायला कॉपीराइटचा कायदासुद्धा आडवा येत नाही, कारण सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या शिल्पांना १९५७ च्या त्या कायद्यानं स्पष्ट सूट दिली आहे.

हमखास पुढे केला जातो तो शासकीय गुपितांचा १९२३ चा कायदा. इंग्रजांनी तो हेरगिरी रोखायला केला. लष्करी तळ, शस्त्रागार, संरक्षणाची बांधकामं ही ठिकाणं त्याच्या व्याख्येतच ‘निषिद्ध’ आहेत, आणि तिथे कॅमेरा रोखणाऱ्याला पोलिसांनी धरलं तर मी पोलिसांच्या बाजूनं उभा राहीन. पण इतर सरकारी जागांचं काय? त्या निषिद्ध ठरवायच्या असतील तर केंद्र सरकारनं राजपत्रात तशी अधिसूचना काढावी लागते आणि तिची प्रत त्या जागी इंग्रजीत आणि तिथल्या लोकांच्या भाषेत लावावी लागते. धरणावर, पुलावर, कुठल्याशा कार्यालयाच्या फाटकावर ‘फोटो काढण्यास सक्त मनाई आहे’ अशा पाट्या आपण येता-जाता वाचतो. त्यातल्या कितींवर अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख असते? पोलीस ठाण्यात चित्रीकरण केलं म्हणून याच कायद्याखाली वर्ध्यात एकावर गुन्हा नोंदवला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये तो रद्द केला. पोलीस ठाणं त्या कायद्याच्या व्याख्येतलं निषिद्ध ठिकाण नाही, असं न्यायालयानं सांगितलं. ठाण्याच्या आतली ही गोष्ट. मग बिंदू चौकात फुले-आंबेडकरांच्या पुतळ्यांचा फोटो घेताना शेजारच्या कारागृहाची भिंत कोपऱ्यात आली, तर त्यात गुपित कसलं?

आता झडती. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. दखलपात्र गुन्ह्याचा तपास चालू असेल आणि वॉरंट आणण्याइतका वेळ नसेल, तर तपासी अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय झडती घेता येते, पण त्याची कारणं लेखी नोंदवून. गुन्ह्याचा संशय यावा अशी वस्तू सापडली तर ती जप्त करता येते, पण ती जप्ती दंडाधिकाऱ्यांना कळवावी लागते. अटक झाली तर अंगझडतीत काढून घेतलेल्या वस्तूंची पावती द्यावी लागते. महाराष्ट्र पोलीस कायद्यात आणखी एक मुभा आहे: रस्त्यावर कुणाच्या हातात चोरीचा माल असल्याचा प्रामाणिक संशय आला तर ती वस्तू तपासता येते. म्हणजे पोलिसांचे हात बांधलेले आहेत असं अजिबात नाही. अधिकार भरपूर आहेत. पण तपासातल्या प्रत्येक झडती-जप्तीमागे एक कागद ठेवला आहे. कुणी, कधी, काय आणि कशासाठी घेतलं याची नोंद. पंचनामा हा आपल्याकडे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असलेला शब्द आहे. दोन पंच बोलावल्याशिवाय घराची झडती नाही, ही शिस्त १८९८ च्या फौजदारी संहितेतही होती. घराच्या उंबऱ्यापाशी जी शिस्त आपण सव्वाशे वर्षं पाळत आलो, ती माणसाच्या खिशातल्या मोबाईलपाशी का थांबावी? आज कुणाच्याही घरात जेवढं सापडेल, त्याहून जास्त त्याच्या मोबाईलमध्ये असतं.

आणि मग येतं ते पुसणं. ‘गॅलरी उघड. हा काढ. हा पण काढ. आता डिलीट झालेल्यातनं पण काढ.’ ही शेवटची सूचना देणारा पोलीस मी पाहिलेला आहे, आणि ती ऐकल्यापासून एक साधा प्रश्न मला सोडत नाही. तो फोटो एक तर गुन्ह्याशी संबंधित आहे, किंवा नाही. संबंधित असेल तर तो पुरावा आहे. मग तो जप्त करायला हवा, सीलबंद करायला हवा, न्यायालयापुढे न्यायला हवा. पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेत स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तो पोलिसालाही लागू होतो. संबंधित नसेल तर त्याला हात लावायचं कारणच उरत नाही. ‘डिलीट कर’ हा हुकूम या दोन्हींपैकी कुठे बसतो? या हुकमाचं समर्थन करणाऱ्या कुणीही मला अजून याचं उत्तर दिलेलं नाही. ‘अहो, सोडून दिलं ना त्याला, केस तर केली नाही’ असं मात्र ऐकवलं जातं. केस केली असती तर निदान त्याला वकील करता आला असता, दंडाधिकाऱ्यांनी विचारलं असतं. इथे काहीच घडलं नाही असं कागदोपत्री दिसतं, आणि फोटो मात्र गेलेला असतो.

‘कर नाही त्याला डर कशाला’ या म्हणीकडे जरा नीट बघायला हवं. आमच्याकडच्या लग्नसराईत काम करणाऱ्या कुठल्याही फोटोग्राफरचं मेमरी कार्ड घ्या. त्यात काल संध्याकाळच्या हळदीचे फोटो असतात: कुणाच्या तरी घरातल्या बायका, ओल्या साडीतली नवरी, अंगणात नाचणाऱ्या तिच्या मैत्रिणी. सकाळी तोच माणूस तेच कार्ड घालून रंकाळ्यावर धुक्यातले पक्षी टिपायला जातो. ‘बघू कॅमेरा’ म्हणत कुणी त्याचं बटण मागे मागे दाबत गेलं, की तीन-चार पक्ष्यांनंतर ती हळद सुरू होते. यात ‘कर’ कुणी केली होती? त्या नवरीनं? तिची तर कुणी परवानगीही मागितली नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमतानं सांगितलं, ते फक्त मोबाईल धरणाऱ्या हातापुरतं नाही. २०२१ मध्ये हैदराबादमध्ये पोलीस रस्त्यावर लोकांना थांबवून त्यांच्या चॅटमध्ये ‘गांजा’ हा शब्द शोधत असल्याचे व्हिडिओ देशभर पाहिले गेले. एकदा ‘दाखवायला काय जातं’ मान्य केलं, की ते किती दूर जातं हे त्यातून दिसलं. पासवर्ड सांगायची सक्ती करता येते का, यावर न्यायालयांची मतं एकसारखी नाहीत. पण ती करता येते असं मानणाऱ्या कर्नाटक उच्च न्यायालयानंही २०२१ च्या निकालात, तातडीचे प्रसंग वगळता, वॉरंटची वाट दाखवली. चौकात उभं राहून ‘लॉक उघड’ म्हणणं ही ती वाट नाही.

पोलिसांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा सुरक्षेचा, आणि तो हलक्यावारी उडवून लावणं मला पटत नाही. डेव्हिड हेडली मुंबईत आला, पर्यटकासारखा हिंडला, ताजपासून अनेक ठिकाणांचं चित्रीकरण करून गेला, आणि २६ नोव्हेंबर २००८ ला काय झालं ते आपण विसरणार नाही. अंबाबाईच्या देवळात नवरात्रात लाखोंची गर्दी होते. तिथल्या बंदोबस्ताची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याला कॅमेऱ्यातून वेगळंच काही न्याहाळणारा माणूस दिसला तर त्यानं डोळे झाकावेत असं कोण म्हणेल? त्यानं जाऊन विचारावंच. नाव, गाव, काय टिपतोय, कशासाठी. गरज वाटली तर ठाण्यात कळवावं. पण हेडलीच्या गोष्टीतून निघणारा धडा नेमका कोणता? तो सापडला तो २००९ मध्ये अमेरिकेत, तपास यंत्रणांनी धागे जुळवल्यावर. भारतातल्या कुठल्या रस्त्यावर त्याचा कॅमेरा तपासून नव्हे. आणि समजा, एखाद्या शिपायानं त्याला गाठून ‘चार फोटो डिलीट कर आणि जा’ म्हटलं असतं, तर? खरा हेर सुटला असता आणि त्याच्याविरुद्धचा एकमेव पुरावा आपल्याच हातानं नष्ट झाला असता. सुरक्षेचा मुद्दा जितका गंभीरपणे घ्यावा, तितका फोटो पुसायला लावण्याचा बेजबाबदारपणा जास्त ठळक होतो.

ब्रिटननं हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. २००० सालच्या त्यांच्या दहशतवादविरोधी कायद्यातल्या कलम ४४ नं पोलिसांना ठरवून दिलेल्या भागात कुणालाही, संशयाचं कारण नसतानाही, थांबवून झडती घ्यायची मुभा दिली. बघता बघता तो बडगा फोटोग्राफरांवर पडू लागला; इमारतींचे, पुलांचे फोटो काढणारे हौशी लोक थांबवले जाऊ लागले. २००३ मध्ये लंडनला शस्त्रप्रदर्शनाबाहेरची निदर्शनं टिपायला गेलेल्या एका महिला पत्रकाराची झडती घेऊन तिला चित्रीकरण थांबवायला सांगितलं गेलं. ती स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेली, आणि जानेवारी २०१० मध्ये न्यायालयानं हा अधिकार खाजगी आयुष्याच्या हक्काचा भंग करतो असा निकाल दिला. त्याच महिन्यात लंडनच्या ट्रफाल्गर चौकात शेकडो फोटोग्राफर कॅमेरे घेऊन जमले. आणि सरकारचीच आकडेवारी काय सांगत होती? २००९-१० या वर्षात या कलमाखाली एक लाखाहून अधिक लोकांना थांबवलं गेलं. त्यातून दहशतवादाच्या गुन्ह्यात अटक झाली शून्य. पुढे ते कलमच मोडीत काढलं गेलं. दहशतवादाचे घाव सोसलेल्या देशाचा हा अनुभव आहे.

दुसरा आक्षेप माझ्या दृष्टीनं सुरक्षेहूनही जवळचा आहे: बायकांचा. घाटावर अंघोळ करणाऱ्या, रंकाळ्यावर फिरायला आलेल्या, रांगेत दमून पायरीवर बसलेल्या बायकांवर लांबून लेन्स रोखणारे नग आहेत, आणि त्यांना ‘सार्वजनिक जागा’ या दोन शब्दांमागे लपू देता कामा नये. कायदाही लपू देत नाही. बाईच्या खाजगी क्षणांचं चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पाठलाग हा कलम ७८ खाली, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६ई शरीराच्या खाजगी भागांच्या चित्रणाला शिक्षा सांगतं. अशी तक्रार आली तर पोलिसांनी मोबाईल जप्त करावा, रीतसर करावा. फोटो पुसायला लावून त्या माणसाला पिटाळणं म्हणजे त्या बाईची तक्रारच पुसणं. साध्या कपड्यात रस्त्यानं जाणाऱ्या बाईचा तिच्या मनाविरुद्ध काढलेला फोटो मात्र बहुतेक वेळा गुन्ह्यात बसत नाही, हे खरं आहे, आणि मला ते खटकतं. तिनं ‘नको’ म्हटल्यावर फोटो न काढणं, काढला असेल तर तिच्यासमोर तो काढून टाकणं ही फोटोग्राफरची सभ्यता आहे. ती ज्याच्याकडे नाही, त्याच्या हक्कांसाठी भांडताना मला जड जातं. तरीही त्याच्या असभ्यपणाची शिक्षा कायद्यात नसलेला अधिकार निर्माण करून देता येत नाही.

तिसरा आक्षेप कोल्हापूरकरांना वेगळा सांगायला नको. जून २०२३ मध्ये मोबाईलवरच्या स्टेटसवरून हे शहर पेटलं, दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. अर्धवट कापलेला व्हिडिओ काय करू शकतो हे इथल्या पोलिसांनी रस्त्यावर उभं राहून सोसलं आहे. बारा-बारा तास बंदोबस्तावर असलेल्या शिपायाच्या तोंडापुढे कुणीतरी मोबाईल नाचवतो, त्याला डिवचतो, त्याचा एक चिडलेला शब्द तेवढा उचलून पसरवतो, हेही होतं. यात पोलिसांवर अन्याय होतो. पण भडकवणारा मजकूर पसरवणाऱ्याला धरायला कायदा आहे, आणि तिथेही पुन्हा लागतो तो पुरावा. अर्ध्या व्हिडिओवरचा उतारा म्हणजे पूर्ण व्हिडिओ. २०२० मध्ये तमिळनाडूत सातानकुलमला बाप-लेकाचा कोठडीतल्या मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यांनी अटकेच्या वेळी दंगा केला असं पोलिसांच्या फिर्यादीत होतं. दुकानाबाहेरच्या सीसीटीव्हीतलं चित्र त्याच्याशी जुळत नव्हतं. ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण मात्र रोजच्या रोज आपोआप पुसलं जाईल अशी व्यवस्था आढळली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशातल्या प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवायचा आदेश दिला. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नं तर झडती आणि जप्तीचं चित्रीकरण पोलिसांवरच बंधनकारक केलं आहे, तेही शक्यतो मोबाईलवर. कॅमेरा हा साक्षीदार आहे हे संसदेनं मान्य केलं. मग तोच साक्षीदार नागरिकाच्या हातात असला की संशयित कसा होतो?

हे शहर कॅमेऱ्याला घाबरावं असं तर नाहीच. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी इथे स्वतःच्या हातांनी चलचित्रांचा कॅमेरा बनवला. पण मला त्याहून जास्त महत्त्वाचा वाटतो तो शाहू महाराजांचा एक निर्णय. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या. त्या माणसांना पोलिसांपुढे जाऊन हजेरी द्यावी लागे. त्यांनी काय केलं हे कुणी विचारत नव्हतं, ते कोण आहेत एवढं पुरेसं होतं. महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात ही हजेरी बंद केली, आणि त्यातल्याच माणसांना विश्वासाच्या नोकऱ्या दिल्या. फोटोग्राफरचं हटकलं जाणं आणि त्या जमातींचं भोगणं यांची बरोबरी होऊच शकत नाही, ती मी करतही नाही. मात्र संशय माणसाच्या कृतीवरून घ्यावा, त्याच्या असण्यावरून नाही, हे तत्त्व या मातीत एका राजानं अंमलात आणलेलं आहे. आजही कॅमेरा गळ्यात असलेल्या दोघांपैकी कुणाला थांबवलं जातं ते बघा. महागड्या गाडीतून उतरलेल्या पाहुण्याला वाट दाखवली जाते. साध्या कपड्यातल्या, आडनावावरून किंवा दाढीवरून ‘वेगळा’ वाटणाऱ्या पोराला ‘काय करालाईस रे इथं?’ ऐकावं लागतं. कागद नसलेला अधिकार नेहमी अशाच माणसावर पडतो, कारण तो तक्रार करणार नाही याची खात्री असते.

फोटोग्राफरांनाही काही सांगायला हवं. सार्वजनिक रस्त्यावरचा हक्क देवळाच्या गाभाऱ्यात, दवाखान्याच्या वॉर्डात, मॉलच्या आत तुमच्यासोबत येत नाही; तिथे त्या जागेचे नियम चालतात, आणि अंबाबाईच्या देवळातली फोटोबंदी पाळायलाच हवी. पन्हाळा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, आता जागतिक वारशातही आहे. तिथे ट्रायपॉड लावायचा तर परवानगी लागते. ड्रोनचे नियम वेगळे आहेत, आणि उजळाईवाडीला विमानतळ असलेल्या शहरात ते जास्तच कडक आहेत. महापुरात शिवाजी पुलावर पोलीस ‘मागं सरा’ म्हणाले तर मागं सरायचं. पोलिसांच्या वाजवी सूचना पाळणं पोलीस कायद्यानंच बंधनकारक आहे, आणि ही सूचना तुमच्या कॅमेऱ्याबद्दल नसते, तुमच्या पायाखालच्या जागेबद्दल असते. हटकल्यावर हुज्जत घालू नका. नाव सांगा, काम सांगा. मोबाईल मागितला तर कोणत्या गुन्ह्याच्या संदर्भात आणि कोणत्या कलमाखाली, हे शांतपणे विचारा. जप्त करत असतील तर अडवू नका, पंचनाम्याची प्रत मागा. अंगाला हात लावून झटापट केलीत तर सरकारी कामात अडथळ्याचं कलम तयारच असतं.

पोलिसांकडून अपेक्षा आहे ती नव्या कायद्याची नाही, एका पानाच्या लेखी आदेशाची. जिल्ह्यात कोणत्या जागा अधिसूचनेनं निषिद्ध आहेत त्यांची यादी, क्रमांकासह, प्रत्येक ठाण्याच्या फलकावर. रस्त्यावर कुणाचाही फोन किंवा कॅमेरा तपासला तर ठाणे दैनंदिनीत कारणासह नोंद आणि त्या माणसाला पावती. आणि कोणत्याही परिस्थितीत फोटो पुसायला लावायचा नाही, हे ठळक अक्षरात. नवरात्राच्या बंदोबस्ताआधी बाहेरगावाहून आलेल्या कर्मचाऱ्यांना कुठे उभं राहायचं, गाड्या कुठून वळवायच्या हे समजावलं जातंच. त्याच वेळी हे पानही वाचून दाखवता येईल.